तुम्ही विचारलंत म्हणून: बाप्या माणसाला हे जमतं कसं?

"तुका जमता कशें रे?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहून टाकतो. प्लांटमधल्या मित्रांनी विचारलं, गोव्यात फोंड्याला आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी विचारलं, बायकोच्या मावश्यांनी तर आधी बाजूला उभं राहून सगळं बघितलं आणि मग विचारलं. मुलीचं डायपर बदलणं, धुणंपुसणं, अंघोळ, ढेकर काढणं, रात्री उठणं हे आम्ही दोघं करतो, अंगावर पाजणं तेवढं तिचं, बाकी ज्याचा हात रिकामा त्याने करायचं. विचारणाऱ्याच्या मनात असं असतं की बाईला हे जन्मतःच येतं आणि पुरुषाला आलं तर काहीतरी वेगळी देणगी असणार. तसं काही नाहीये. पहिल्या पंधरा दिवसांत केलं म्हणून जमतं, एवढंच उत्तर आहे, पण ते पंधरा दिवस आपल्याकडे बापाला मिळतच नाहीत, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बायको सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, बाळ होतं, बारसं होतं, आणि बाप रविवारचा येतो, पेढ्यांचा बॉक्स, दोन मिनिटं बाळ हातात, रडायला लागलं की लगेच कोणीतरी काढून घेतं, मग जेवण, फोटो, संध्याकाळी परत. तीन महिन्यांनी बाळ-बाळंतीण घरी येतात तेव्हा तिने शेकडो लंगोट बदललेले असतात आणि त्याने एकही नाही. मग त्याने कधी हौसेने हात लावला की डायपर सैल बसतो, मांडीतून गळतो, ती म्हणते राहू दे मी करते, तो सुटल्यासारखा बाजूला होतो आणि पुढे ते तसंच राहतं. पहिल्या दिवशी तिलाही येत नव्हतं हे तोवर दोघंही विसरलेले असतात. मी बघितलंय ना, माझ्या बायकोचेही हात पहिल्या दिवशी थरथरत होते, मान धरू की पाय धरू असं होत होतं तिला.

माहेरी जाऊ नये असं मी अजिबात म्हणत नाही. आईच्या हातची पेज, वेळेवर झोप, कोणीतरी डोक्यावरून हात फिरवणारं, हे बाळंतिणीला हवंच. आम्ही एवढंच केलं की तिच्याबरोबर मीही तिच्या माहेरी, साखळी गावाला गेलो. साठवलेली रजा घातली आणि ती संपल्यावर कुंडईच्या आमच्या प्लांटमध्ये सेकंड शिफ्ट मागून घेतली, साखळीहून जाऊन येऊन.

रजेचं पण सांगतो, कारण तेही याच प्रश्नात येतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, सहा महिन्यांच्या आत घ्यायची, पहिल्या दोन मुलांपर्यंत. आईची रजा मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवडे झाली, फार चांगलं झालं. पण प्रायव्हेट कंपनीतल्या बापाला कायद्याने एक दिवससुद्धा नाही, कंपनीने मनावर घेतलं तर मिळेल. त्याच दुरुस्तीत 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं असं आलं, आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा, ती पण फक्त बाईला लिहिलीय. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्येच लोकसभेत बापांच्या रजेसाठी खाजगी विधेयक आणलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. स्वीडनने 1974 मध्येच ही रजा आई आणि बाप दोघांची केली, आणि आज तिथे 480 दिवसांतले 90 दिवस असे आहेत की ते बापाने घेतले नाहीत तर वाया जातात, आईला देता येत नाहीत. मला ही अट फार आवडते. बाप नुसता घरी असून पुरत नाही, त्याच्यावर सोपवलेलं असावं लागतं.

साखळीला अडचण वेगळीच होती, मी जावई. जावयाने शीचा लंगोट धुवायचा म्हणजे काय! सासूबाई रोज म्हणायच्या, तुम्ही राहू द्या हो, आम्ही आहोत की घरात. त्यांचं चुकत नव्हतं, मान द्यायची त्यांची ती पद्धत, पण त्या मानापायी माझ्या हातात बाळ येत नव्हतं. शेवटी रात्रीने मार्ग काढला. सेकंड शिफ्ट करून मी बाराच्या पुढे पोचायचो, झोप आलेली नसायची, आणि घरातले सगळे दमून झोपलेले. मग रात्रीचं ठरून गेलं, बाळ उठलं की मी उचलायचं, आधी बदलायचं, मग तिच्याजवळ द्यायचं, पाजून झालं की मी खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आणि पाठीवर झोपवायचं. तिला उठून बसण्यापलीकडे काही करावं लागायचं नाही, पाजता पाजता डोळे मिटले तरी चालायचं. बाळंतिणीची झोप ही चैन नाही, झोप तुटत राहिली की मन पण ढासळतं, आणि त्या काळात कित्येक बायका आतल्या आत रडत असतात, कोणाला कळत नाही. ज्या पुरुषाला बायकोसाठी काहीतरी करायचंय त्याने ही एक रात्रीची पाळी उचलावी.

आता प्रत्यक्ष काम. पहिले एक-दोन दिवस शी काळी हिरवट, डांबरासारखी चिकट, पुसून निघत नाही, कोमट पाण्याचा कापूस आणि वेळ लागतो. मग हिरवट पिवळी, आणि अंगावरचं दूध नीट लागलं की मोहरीसारखी पिवळी, पातळ. ती जुलाब समजून घाबरतात लोक, तसं नसतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा चांगली सू होत असेल तर दूध पुरतंय असं समजायचं. पांढरी किंवा मातकट फिकट शी दिसली तर मात्र थांबायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं, विशेषतः कावीळ दोन आठवडे झाले तरी उतरत नसेल तर, ते लिव्हरचं असू शकतं. नाळ पडेपर्यंत डायपर तिच्या खाली दुमडायचा, नाळ कोरडी ठेवायची, तिच्यावर हळद-तेल काही घालायचं नाही. मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचं, कधीच उलटं नाही, नाहीतर लघवीचं इन्फेक्शन होतं. पावडर मारायची नाही, तिची धूळ बाळाच्या छातीत जाते.

हे सगळं मी एका वहीत लिहीत होतो, सू किती वाजता, शी कसली. पहिल्या व्हिजिटला डॉक्टरांनी बायकोकडे बघून विचारलं, दिवसात किती वेळा सू करते, आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी वही पुढे केली. डॉक्टरांनी वाचली, मग पुढचे सगळे प्रश्न दोघांना विचारले. मला तो दिवस फार महत्त्वाचा वाटतो. लंगोट बदलणाऱ्यालाच बाळाची तब्येत आधी कळते, दुसरं कोणी सांगायच्या आत. बाप त्याच्यातून बाहेर राहिला की बाळाबद्दलची प्रत्येक गोष्ट त्याला विचारूनच कळणार.

दिवस पावसाळ्याचे होते. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि त्यात सुती लंगोट वाळवायचे! पडवीत दोऱ्याच दोऱ्या, तरी दोन दिवस दमट, मग मी इस्त्री फिरवून कोरडे करायचो. ओलसर लंगोट बांधला की रॅश आलाच. दिवसा लंगोट आणि रात्री नि बाहेर जाताना डायपर असं आम्ही ठेवलं. डायपरमध्ये जी पावडर असते, सोडियम पॉलिअॅक्रिलेट, ती पाणी शोषून जेल होते म्हणून वरून कोरडं वाटतं, आणि तिथेच लोक फसतात, चार-पाच तास तोच ठेवतात. भरला नसला तरी दोन-तीन तासांनी बदला, शी झाली की लगेच, आणि दिवसातून थोडा वेळ काहीच न बांधता उघडं राहू द्या, लाल झालं तर झिंक ऑक्साइडचं क्रीम. वापरलेला डायपर पेपरात घट्ट गुंडाळून आम्ही सुक्या कचऱ्यात टाकायचो, घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत तसंच होतं, ओल्या कचऱ्यात टाकू नका, तो वेगळा करणाराही कोणीतरी माणूसच असतो.

अंघोळीला बाई यायची, पाय लांब करून पाटावर बसून पायांवर बाळ घ्यायची. तिच्याकडून शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला कारण ती पुरुषासमोर संकोचायची. पण एकदा ती सुट्टीवर गेली, सासूबाईंची कंबर धरलेली, तेव्हा त्या खुर्चीवर बसून सांगत गेल्या, मान अशी धरा, पाणी कोपराने बघा, नाकात-कानात तेल घालू नका म्हणालेत डॉक्टर, आणि मी घातली अंघोळ. त्याच्यानंतर त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, ओलं केलंय वाटतं, बघता का जरा. जावयाचा मान गेला असं त्यांना वाटलं नाही, मला तर नाहीच.

किळस येत नाही का, हे पुरुष हळूच विचारतात. पहिले दोन-तीन दिवस वास जाणवतो, मग हात आपले चालायला लागतात. शरीरसुद्धा बदलतं बहुतेक. फिलिपिन्समध्ये सेबूला तरुण पुरुषांचा काही वर्षं माग ठेवून केलेला अभ्यास 2011 मध्ये आला, त्यात बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलेलं दिसलं आणि जे दिवसाला तीन तास किंवा जास्त मुलांचं करत होते त्यांचं सगळ्यात कमी. म्हणजे बाळाचं करायची तयारी पुरुषाच्या अंगात पण आहे.

बाहेर मात्र अजून त्रास होतो. एका मोठ्या मॉलमध्ये बाळाला बदलायची खोली होती, दारावर बाईचं चित्र, आणि मला आत सोडलं नाही. गाडीच्या मागच्या सीटवर बदललं. अशा जागा पुरुषांच्या बाजूलाही हव्यात, एक फळी आणि एक नळ, एवढाच खर्च आहे.

आता आमच्या प्लांटमधल्या एकाच्या बायकोला नववा लागलाय, तो रोज विचारतो सुरुवात कुठून करू. त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. हॉस्पिटलातच नर्सला म्हणायचं, मला दाखवा, माझ्या हातून करून घ्या. रात्री पुरुषांना वॉर्डात राहू देत नसतील तर भेटायच्या वेळेत एक तरी लंगोट तुम्हीच बदला. रजा आत्तापासून साठवा, सासरी राहायला लाजू नका. नखं कापा, अंगठी-कडं काढून ठेवा, आणि उचलायच्या आधी हात चोळून गरम करून घ्या, थंड हात लागला की बाळं दचकतात.