कॉट्सवोल्ड्स एका दिवसात होतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मे-जून आला की इकडे इंग्लंडला यायचे बेत सुरू होतात, कुणाचे सासू-सासरे, कुणाची आत्या, कुणी मुलाच्या कॉन्व्होकेशनला येणारे आईबाबा, आणि लंडन, स्टोनहेंज वगैरे ठरलं की मला प्रश्न येतो तो हाच, "ते कॉट्सवोल्ड्स म्हणतात ते एका दिवसात होतं का गं?" पाठोपाठ "गाडी नसली तर चालेल का" आणि "सगळ्यात भारी गाव कुठलं". फोनवर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते पण माझंच समाधान होत नाही, कारण हा भाग मला मनापासून आवडतो आणि लोक तिथपर्यंत जाऊन नुसते फोटो काढून परत येतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

तर, सगळं कॉट्सवोल्ड्स एका दिवसात होत नाही. ते एक गाव नाहीच मुळी, बाथपासून वर पार स्ट्रॅटफर्डच्या अलीकडपर्यंत पसरलेला टेकड्यांचा पट्टा आहे, दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, बराचसा ग्लॉस्टरशरमध्ये, थोडा ऑक्सफर्डशरमध्ये आणि कडेकडेने आणखी काही काउंट्यांमध्ये. १९६६ पासून तो निसर्गसौंदर्यासाठी संरक्षित आहे. लंडनहून ज्या बस टूर निघतात त्या एका दिवसात चार-पाच गावं दाखवतात, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, त्यातला अर्धा वेळ टॉयलेटच्या आणि आइस्क्रीमच्या रांगेत जातो. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना अजिबात चालवत नाही, त्यांच्यासाठी टूर ठीक आहे. बाकीच्यांनी माझं ऐका, एक कोपरा निवडा आणि तेवढाच नीट बघा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा कोपरा सांगते. लंडन पॅडिंग्टनहून मोर्टन-इन-मार्शची थेट ट्रेन, साधारण दीड-पावणेदोन तास, गाडी अजिबात लागत नाही. मोर्टनला मंगळवारी रस्त्यावर मोठा बाजार भरतो, तो दिवस जमला तर छानच. तिथून ८०१ नंबरची बस स्टो (स्टो-ऑन-द-वोल्ड) या गावावरून बोर्टन-ऑन-द-वॉटरला जाते. रविवारी बस फार कमी असतात म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधला वार पकडा आणि परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा, कारण संध्याकाळी टॅक्सी मिळेल या भरवशावर तिथे राहू नये.

बोर्टन सुंदर आहे पण उन्हाळ्यात दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. गावाच्या मधोमध विंडरश नदी, पाणी घोट्याएवढं, त्यावर बुटके दगडी पूल आणि सगळी पोरं पाण्यात. १९३७ साली उघडलेलं गावाचं एक छोटं मॉडेल आहे, एकास नऊ प्रमाणात, लहान मुलं बरोबर असतील तर ते आवर्जून दाखवा. पण बोर्टनला आलात की माझं म्हणणं एवढंच की तासाभरात तिथून निघा आणि पायी लोअर स्लॉटरला जा.

हे चालणं म्हणजेच कॉट्सवोल्ड्स, असं माझं ठाम मत आहे. जेमतेम दोन किलोमीटर, चढ नाही, वाट सरळ लोकांच्या शेतांतून आणि कुरणांतून जाते. आपल्याला पहिल्यांदा संकोच वाटतो की दुसऱ्याच्या शेतात कसं शिरायचं, पण इथे अशा वाटांवरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे, मालक अडवू शकत नाही, पिवळा बाण दिसला की ती पायवाट तुमची. फक्त फाटक उघडलंत तर मागे लावून घ्यायचं, मेंढ्या असल्या तर त्यांच्यापासून लांबून जायचं. लोअर स्लॉटर येतं तेव्हा आधी पाण्याचा आवाज येतो, मग ती छोटी आय नदी आणि तिच्या काठाने घरं, शेवटी पाणचक्की, आणि गंमत म्हणजे अख्ख्या दगडी गावात ही एकटी गिरणी लाल विटांची आहे. अजून दम असेल तर तशीच वाट पुढे अप्पर स्लॉटरला जाते. तिथल्या चौकाभोवतीच्या कॉटेजेस १९०६ साली ज्या एडविन लटयन्सने नव्याने बांधून दिल्या तोच पुढे नवी दिल्ली आखणारा वास्तुकार लटयन्स. आणि या गावातून दोन्ही महायुद्धांत जे जे लढायला गेले ते सगळे जिवंत परत आले. इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येक गावात युद्धात मारल्या गेलेल्यांच्या नावांचा दगड असतो, तो बघायची सवय झाली की हे किती मोठं आहे ते कळतं.

आता तो दगड. सगळे म्हणतात मधाच्या रंगाची घरं, खरं आहे, पण तो रंग दिलेला नाही, दगडच तसा आहे, ज्युरासिक काळातला चुनखडीचा दगड, तोच जमिनीखाली, तोच भिंतीत, तोच शेताच्या बांधाला. उत्तरेला तो जास्त सोनेरी आहे आणि दक्षिणेला बाथकडे जाता जाता फिका होत जातो. माझी एक विनंती आहे, घरं बघाल तेव्हा खिडक्यांतली फुलं बघून झाली की मान वर करून छप्पर बघा. जुन्या घरांवर कौलं नाहीत, दगडाच्याच पातळ फरश्या आहेत, खाली वळचणीला मोठ्या आणि वर आढ्याकडे जाता जाता लहान लहान होत गेलेल्या, अगदी शेवटच्या ओळीत तळहाताएवढ्या. म्हणजे मोठी जड फरशी खाली भिंतीच्या आधाराला आणि हलकी वर, शिवाय खाणीतून लहान-मोठा जो तुकडा निघेल तो वाया जात नाही. स्टोन्सफील्डला तर या फरश्या फोडायचं काम थंडीकडून करून घेत, दगड हिवाळ्यात ओला ठेवून उघड्यावर पसरायचा, आतलं पाणी गोठून फुगलं की त्याचे थर आपोआप सुटे होतात. ही माहिती मला मिळाल्यापासून मी कुठल्याही गावात गेले की आधी छपरंच बघते.

शेतांच्या भिंतीही तशाच, आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या, मातीचुना काही न वापरता नुसते दगड बसवलेल्या. जवळ जाऊन बघा, भिंत दोन बाजूंनी उभी करत आणलेली असते आणि दोन्ही बाजू किंचित आत कललेल्या, मध्ये बारीक दगडांची भर, अधूनमधून आरपार जाणारा एक लांब दगड आणि सगळ्यात वर उभे लावलेले दगड. अशा भिंती या भागात सहा हजार किलोमीटरच्या वर आहेत असं सांगतात. त्यांच्यावर चढू नका, मुलांनाही चढवू नका, एक दगड निसटला की हळूहळू बाजूचे सुटत जातात आणि दुरुस्त करणारे कारागीर आता थोडे उरलेत.

हे सगळं आलं कुठून तर मेंढ्यांतून. मध्ययुगात इंग्लंडची लोकर म्हणजे पैसा आणि कॉट्सवोल्ड्सची लोकर त्यातली नावाजलेली, पार इटलीचे व्यापारी ती घ्यायचे. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सभापती आजही लोकर भरलेल्या लाल आसनावर बसतात, ती प्रथा १४व्या शतकापासूनची, इतकं त्या लोकरीचं महत्त्व. या पैशातून इथल्या व्यापाऱ्यांनी गावाच्या मानाने अवाढव्य चर्च बांधली. नॉर्थलीच नावाचं गाव आहे, टूरवाले सहसा तिथे थांबत नाहीत. तिथल्या चर्चमध्ये जमिनीत व्यापाऱ्यांच्या आकृती कोरलेल्या पितळी पट्ट्या आहेत, त्यांच्या पायाशी काय आहे ते वाकून बघा, मेंढी आणि लोकरीचं पोतं. थडग्यावर सुद्धा त्यांनी आपला धंदा कोरून घेतला, मला ते फार आवडतं, त्यात कसला आडपडदा नाही.

मग कापडाचा धंदा यंत्रांबरोबर यॉर्कशरकडे गेला, इथला पैसा आटला, घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे काही उरलं नाही. आपण आज ज्याला सुंदर जपलेलं गाव म्हणतो ते बऱ्याच अंशी गरिबीने जपलंय. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ, जिचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल, ती मुळात १३८०च्या सुमाराला बांधलेली लोकरीची वखार, १७व्या शतकात तिची विणकरांची घरं झाली, हातावर पोट असलेल्या लोकांची. आज त्याच भागात घरांच्या किमती अशा आहेत की तिथे वाढलेल्या मुलांना तिथेच घर घेणं परवडत नाही, बरीच घरं शहरातल्या लोकांची वीकेंडची आहेत. आणि एक कळकळीची विनंती, आर्लिंग्टन रोमध्ये अजून माणसं राहतात. खिडकीला नाक लावून आत बघायचं नाही, दारातल्या पायरीवर बसून फोटो काढायचा नाही. आपल्या वाड्यात कुणी असं केलं तर आजीने काय केलं असतं ते आठवा.

एक दिवस जास्तीचा असेल तर मोर्टनला किंवा स्टोला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी चिपिंग कॅम्डन. मला विचाराल तर सगळ्यात भारी गाव हेच. मोठा वळणदार रस्ता, त्याच्या मधोमध १६२७ सालचा मार्केट हॉल, चारी बाजूंनी उघडा, लोणी-चीज विकणाऱ्यांना पाऊस लागू नये म्हणून बांधलेला. आत उभे राहून खालची फरसबंदी बघा, चारशे वर्षांत वर-खाली झालेली तशीच आहे. १९०२ मध्ये सी. आर. अ‍ॅशबी नावाचा वास्तुकार लंडनच्या ईस्ट एंडमधले कारागीर बायकापोरांसकट घेऊन इथे आला, हाताने काम करणाऱ्यांचं गाव वसवायला. ते काही वर्षांतच मोडलं, पण त्यातल्या एका चांदीकाम करणाऱ्या घराण्याचं वर्कशॉप जुन्या सिल्क मिलमध्ये आजही चालू आहे. शेजारच्या ब्रॉड कॅम्डनमध्ये आनंद कुमारस्वामी राहायचे, भारतीय कलेवर लिहिणारे, त्यांचं घरही अ‍ॅशबीनेच एका पडक्या जुन्या चॅपलमधून उभं केलं होतं.

आणि आता जे फोनवर कधीच सांगून होत नाही ते. स्टोपासून थोड्याच अंतरावर डेल्सफर्ड आहे, वॉरन हेस्टिंग्जचं गाव. आपल्या शाळेच्या इतिहासात तो येतोच, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध, १७७९ची वडगावची लढाई, तिथला तह त्याने मानला नाही, बंगालहून फौज पाठवली आणि शेवटी १७८२ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. हा माणूस लहानपणापासून एकच ध्यास घेऊन होता की घराण्याच्या हातातून गेलेली डेल्सफर्डची जमीन परत घ्यायची, आणि १७८८ला ती घेतली, त्याच वर्षी पार्लमेंटसमोर त्याच्यावर खटला उभा राहिला, सात वर्षांनी सुटला. १८१८ला, म्हणजे इकडे पेशवाई संपली त्याच वर्षी, तो वारला आणि तिथल्या चर्चच्या आवारात त्याला पुरलंय. त्याचा तिथला बंगला खाजगी आहे, आत जाता येत नाही. तो बंगला ज्या सॅम्युअल पेपिस कॉकरेलने बांधला त्यानेच जवळच आपल्या भावासाठी, जो ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी करून श्रीमंत होऊन परत आला होता, सीझिंकोट नावाचं घर बांधलं. कॉट्सवोल्ड्सच्या दगडात मुघल छज्जे आणि वर हिरवट तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट, बागेत पुलाच्या कठड्यावर नंदी आणि एक सूर्याचं मंदिर. बाग ठरावीक दिवशी दुपारी उघडी असते. मी त्या नंदीसमोर उभी राहते तेव्हा मला राग आणि ओळखीचं काही दिसल्याचा आनंद दोन्ही एकदम होतं, आणि ते तसंच असू द्यावं असं वाटतं. लोकरीनंतर या भागात आलेला बराच पैसा आपल्याकडचा आहे, तेव्हा आपल्या माणसांनी हे बघायलाच हवं.

बाकी छोट्या गोष्टी पटकन. मेचा शेवट ते जूनचा मध्य उत्तम, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा चालायचा बेत सकाळचाच ठेवा. पबमध्ये दुपारचं जेवण दोन-अडीचला बंद होतं, आपल्यासारखं तीनला जेवू म्हणाल तर चिप्ससुद्धा मिळत नाहीत. शाकाहारी असाल तर जॅकेट पोटॅटो, सूप, चीजचं काहीतरी मिळतं, पण आईबाबा बरोबर असतील तर दशम्या आणि चटणी घेऊन निघा, लोअर स्लॉटरच्या नदीकाठी बसून खाता येतात, कचरा मात्र सगळा परत आणा. बूट चिखलात जाणारच, जूनमध्ये सुद्धा, म्हणून पांढरे घालू नका. आणि तारीख ठरली की मला कळवा, ८०१च्या वेळा अधूनमधून बदलतात, त्या वेळी काय चालू आहे ते बघून सांगते.