त्रेसष्टचा घोळ

सांगलीतल्या एका हळदीच्या पेढीवर मी कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवली, त्याला आठवडाही झाला नव्हता. शेठजींचा फोन आला, "अहो, बिल सेव्ह करताना अजून अडकतंय. मग पैसे कशाचे घेतलेत?"

गेलो. दोन जीबीची फाइल कॉपी करून पाहिली, सुसाट. केबल, ड्रायव्हर, अँटिव्हायरस, सगळं बघून झालं. शेजारच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "ॲलोकेशन युनिट ६४ केबीचं करा." म्हणजे फाइलीला डिस्कवर मिळणारा लहानात लहान तुकडा ६४ केबीचा. हजारो बारक्या फाइली आणि प्रत्येकीला ६४ केबी आंदण!

दोन चहा झाल्यावर पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला विभाग, कुठून सुरू होतंय ते उघडून पाहिलं. ३२,२५६ बाइट. ५१२नं भागलं की ६३. डोक्याला हात लावला.

मशीन विंडोज एक्सपीच्या जमान्यातलं. पुढे त्याच पार्टिशनवर विंडोज ७ चढलं आणि मी जुनी डिस्क एसएसडीवर जशीच्या तशी उतरवली (क्लोन केली). जुन्या हिशेबात डिस्कच्या एका गोल पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, ६३ सेक्टर (५१२ बाइटचे कप्पे) धरायचे. पहिला ट्रॅक मोकळा सोडून पार्टिशन मांडायची ती पद्धत. ५१२ बाइटच्या सेक्टरांवर ते खपून गेलं. एसएसडीचा कारभार मात्र आतून चार केबी किंवा त्याहून मोठ्या पानांचा, म्हणजे निदान आठ-आठ सेक्टरांचा. ६३ला आठानं भाग जात नाही, म्हणून लिखाण दोन पानांवर फाटतं.

शेठजींना हे कसं सांगावं? दिवाणजींची रोजकीर्द ओढली. "समजा, प्रत्येक नोंद पानाच्या शेवटच्या ओळीवर सुरू होते आणि उरलेली पुढच्या पानावर जाते. खाडाखोड चालत नाही. एक आकडा बदलायचा तर दोन्ही पानं कोऱ्या पानांवर उतरवून काढायची."

दिवाणजींनी चष्मा वर केला. "मग वही लवकर संपंल की!"

नेमकं तेच. बिलांसारख्या बारीक लिखाणात वेळही जातो आणि एसएसडीची झीजही वाढते, अगदीच वाईट वेळी दुप्पट. मोठ्या फाइलीत फक्त दोन्ही टोकांना हा त्रास होतो, म्हणून माझ्या कॉपीच्या चाचणीनं मलाच फसवलं.

बॅकअप घेऊन रात्री पार्टिशन १,०४८,५७६ बाइटवर, म्हणजे बरोब्बर एक एमबीवर सरकवलं. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज आपसूक तिथेच मांडतं. सकाळी दिवाणजींनी बिल सेव्ह केलं आणि काही न बोलता दुसरं टाकायला घेतलं. या फेरीचे पैसे शेठजींनी दिले नाहीत. मीही मागितले नाहीत.