लोखंडी अंगठी, नोंद ७: खडा गरम पाण्यात नाही, गार पाण्यात सुटतोय

पहिल्या शतकातल्या रोमन शिपायाच्या लोखंडी अंगठीची प्रतिकृती करतोय. तिच्या कोंदणातला खडा पुन्हा निघाला, पण या वेळी कारण हाती लागलं.

राळ ४ भाग, मेण १ भाग (वजनाने) या गोंदाने खडा बसवून अंगठी ४५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवली, खडा हलला नाही. मागचं २:१ मिश्रण याच परीक्षेत लोण्यासारखं घसरलं होतं. तीच अंगठी लगेच १५ अंशांच्या पाण्यात बुडवली आणि एका टिचकीत खडा बाहेर! चिकट थर अख्खाच्या अख्खा कोंदणात राहिला, खड्याची पाठ मात्र स्वच्छ.

वेल्समधल्या कार्लिऑनला दुसऱ्या ऑगस्टा लीजनच्या (रोमन सैन्यदलाच्या) स्नानगृहाच्या गटारात ८८ कोरीव खडे सापडले. वाफेने गोंद मऊ होतो आणि खडे पडतात, हे नेहमीचं स्पष्टीकरण. पण शिपाई गरम दालनातून निघाला की पुढे गार पाण्यात उतरायचा. उष्णतेने थर सैल होतो, कडेने पाणी शिरतं, मग गारव्याने राळ कडक होते आणि लोखंड-दगडापेक्षा कितीतरी जास्त आकसते. म्हणून यापुढे नुसती गरम पाण्याची परीक्षा बाद. गरम-गार अशा १० फेऱ्या झाल्याशिवाय कोणतंही मिश्रण पास म्हणायचं नाही.

सोन्याची कड खड्यावर दाबून वळवता येते. लोखंडाची तशी वळत नाही, त्यामुळे सगळा भार गोंदावर. तेव्हा केलेले बदल असे:

मिश्रणात २ भाग सुरखी (विटेची पूड) घातली, चहाच्या गाळणीतून नव्हे, मलमलीतून चाळलेली. भरड कण राहिला तर खडा एका बाजूला उचलला जातो. आकसणं लगेच कमी झालं.

खड्याची पाठ आरशासारखी घासलेली होती. ती कुरुंदाच्या पुडीने खरवडून मंद केली. कोंदणाच्या तळाला बारीक छिन्नीने आडव्या-उभ्या रेघा मारल्या.

मुख्य चूक थंड खड्याची होती. गरम राळ त्याला लागताच गोठते आणि धरतच नाही. आता अंगठी आणि खडा दोन्ही ९० अंशांपर्यंत हळूहळू तापवूनच बसवायचे. अकीक एकदम तापवला तर तडकतो. आधी तळाला राळेचा पातळ हात द्यायचा, नाहीतर मागून गंज फुगून खडा उचलतो.

या रीतीने ६ फेऱ्या झाल्या, खडा जागेवर आहे. हे लिहितानाच सुचलं: कोंदणाची पोकळी तळाकडे ०.२ मिमी रुंद कापली आणि खड्याची कड वरच्या बाजूला निमुळती ठेवली, तर गोंद स्वतःच पाचर होईल. त्यामुळे सातवी फेरी थांबवून आधी तसं दुसरं कोंदण कापायचं. १२ × १० मिमीच्या खड्याला २ मिमी खोली पुरते.

कोरीवकाम मात्र मनासारखं उतरलं. दोन ध्वजांमधला गरुड मेणात उमटला, पंखांच्या ०.३ मिमीच्या रेघांसकट! खडा ओला करून दाबला की मेण चिकटत नाही. सार्डोनिक्सचा (पट्ट्यापट्ट्यांच्या अकीकाचा) शिक्का मेण ओढत नाही असं रोमन लेखक प्लिनी सांगतो, तेव्हा पुढचा खडा त्याचाच. पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनानुसार पैठणहून भडोच बंदराला ऑनिक्स (असाच पट्ट्यांचा दगड) जात असे, म्हणजे हा माल आपल्याच वाटेने रोमकडे निघायचा.

लाल अकीक (कार्नेलियन) घेताना उजेडासमोर धरून बघाच. ढगाळ, एकसारखा दिसला तर घ्या. पट्टे दिसले तर तो बहुधा रंगवलेला साधा अकीक असतो, आणि अलीकडे तोच दुप्पट भावाने गळ्यात मारतात.

सोनेरी मुलामा द्यावा का, असा प्रश्न आला होता. या अंगठीला नको. साध्या शिपायाला सोन्याची अंगठी घालायची मुभा रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने इ. स. १९७ च्या सुमारास दिली, आणि आपला नमुना पहिल्या शतकातला आहे. लोखंडाला तेल-मेणाचा काळा हात पुरे.