पंच म्हणून सही केली होती, आता कोर्टाचं समन्स आलंय

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून 'ज्यूरी ड्यूटी'च्या तक्रारी ऐकल्या की इथल्या माणसाला वाटतं, बरं झालं, आपल्यामागे ते लचांड नाही. आपल्याकडेही ज्यूरी, म्हणजे खटल्यात कौल द्यायला बोलावलेली सामान्य माणसं, होती. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला होता. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. पण कसलाही संबंध नसलेल्या माणसाला हाताला धरून न्यायाच्या कामात ओढणारी एक जागा अजून शिल्लक आहे, ती म्हणजे पंच, पोलिसांच्या झडती-जप्तीचा साक्षीदार. सोसायटीचा सेक्रेटरी, कोपऱ्यावरचा दुकानदार, तलाठी, जिल्हा परिषदेचा शिक्षक, महापालिकेचा कर्मचारी, कुणालाही पोलीस म्हणतात, "जरा पंच म्हणून या." तासाभरात सह्या करून माणूस घरी येतो आणि विसरतो. चार-पाच वर्षांनी दारात समन्स घेऊन पोलीस उभा राहतो.

त्या दिवशी कोर्टात होणारा त्रास बहुतेक वेळा पंचनाम्याच्या दिवशीच ठरून गेलेला असतो. म्हणून आधी तिथूनच.

झडतीसाठी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०३ सांगतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे (पुढे नुसतं 'कलम' म्हटलं की याच कायद्याचं). त्याआधीच्या जुन्या संहितेत हेच कलम १०० होतं. पोलिसांनी लेखी आदेश देऊन बोलावलं आणि सबळ कारण नसताना नकार दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २२२ खाली तो गुन्हा ठरू शकतो. प्रत्यक्षात बोलावणं बहुधा तोंडीच असतं. तेव्हा अडचण असेल तर ती सरळ सांगावी. आरोपीशी नातं, उधारीचा व्यवहार, जुनं भांडण असं काहीही असेल तर ते तिथेच सांगून बाजूला व्हावं. असा पंच उलटतपासणीत टिकत नाही आणि त्याच्यासोबत पंचनामाही पडतो.

पंच झालात की काम एकच: डोळे उघडे ठेवणं. घड्याळ बघा. कुठे उभे होतात, दुसरा पंच कोण होता, वस्तू कुठून निघाली, ती कुणी हातात घेतली, हे मनात पक्कं करा. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे व्हायला हवं, यादीवर पंच सह्या करतात तोही भाग त्यात येतो. म्हणजे तुम्ही तिथे होतात की नाही याचा पुरावा कॅमेऱ्यातही असतो. सही करण्याआधी पंचनामा वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मजकूर भरलेला नसेल त्या कागदावर सही करू नका. "साहेब, रिकाम्या जागा भरून द्या, मग करतो" हे वाक्य पुरेसं आहे, आणि ते म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

लेबलाकडे विशेष लक्ष द्या, कारण कोर्टात सगळ्यात जास्त खल त्यावरच होतो. जप्त केलेली वस्तू खाकी कागदात किंवा पाकिटात घालतात, दोऱ्याने बांधतात, गाठीवर लाख लावून सील करतात आणि पंचांच्या सह्यांचं लेबल चिकटवतात. लेबलवर सहीखाली तारीख टाका. एका वेळी पाच पाकिटं झाली तर पाच लेबलांवर सह्या असायला हव्यात. तीनच झाल्या तर उरलेल्या दोन वस्तूंबद्दल तुम्ही पुढे काहीच ठामपणे सांगू शकणार नाही. सील तुमच्यासमोर झालं की नंतर ठाण्यात झालं, हे लक्षात ठेवा. "सील माझ्यासमोर झालं नाही" एवढ्या एका वाक्यावर जप्ती संशयात सापडते. ते खरंच तसं असेल, तर तसंच सांगावं लागेल.

सगळ्यात अवघड असतो तो निवेदन पंचनामा. आरोपी पोलीस ठाण्यात पंचांसमोर म्हणतो, "हत्यार मी अमुक ठिकाणी लपवलंय, काढून देतो." ते लिहून घेतात, त्यावर सह्या होतात, आणि मग सगळे जीपने तिकडे जातात. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या सांगण्याचा तेवढाच भाग चालतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं हे गाजलेलं कलम २७ आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलं आहे. म्हणून इथे क्रम हेच सर्वस्व आहे. आधी कोण बोललं? त्याचे शब्द काय होते? जीप कुणी कुठे थांबवायला सांगितली? पुढे कोण चाललं? वीट कुणी बाजूला केली? वस्तू आरोपीने स्वतःच्या हाताने काढली की हवालदाराने? जागा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरणारी होती का? "आम्ही गेलो आणि पोलिसांनी कोयता काढून दाखवला" असं पंच बोलून गेला की आरोपीशी जोडणारा धागा तिथेच तुटतो, मग प्रत्यक्षात कोयता आरोपीनेच काढला असला तरी.

घरी आल्यावर त्याच दिवशी वहीत पाच ओळी लिहून ठेवा: पोलीस ठाणं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), अधिकाऱ्याचं नाव, दुसऱ्या पंचाचं नाव, वेळ आणि काय पाहिलं. ही वही पुढे आठवण ताजी करायला कामी येते. मात्र साक्ष देताना तिच्यात पाहिलंत, तर आरोपीच्या वकिलालाही ती मागून बघण्याचा अधिकार मिळतो. त्यामुळे तिच्यात फक्त पाहिलेलं लिहा. आपले तर्क नकोत.

आता समन्स. झडतीच्या पंचाला न्यायालयाने खास बोलावल्याशिवाय साक्षीला यावं लागत नाही, हे कलम १०३ मध्येच आहे. समन्स म्हणजे ते खास बोलावणं. कागदावर न्यायालयाचं नाव, शिक्का, खटल्याचा क्रमांक, आरोपीचं नाव, तारीख आणि वेळ असते. एक प्रत तुम्हाला मिळते, दुसरीच्या पाठीमागे पोहोच म्हणून सही घेतात. तुम्ही घरी नसाल तर घरातल्या सज्ञान व्यक्तीकडे देऊन सही घेता येते. पूर्वी फक्त पुरुष सदस्याकडे देत, नव्या कायद्यात ती अट गेली. सरकारी कर्मचाऱ्याचं समन्स कार्यालयप्रमुखामार्फत येऊ शकतं. साक्षीदाराला टपालाने किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गानेही प्रत पाठवता येते. घ्यायला नकार देऊन काही साधत नाही, न्यायालय ते बजावलं गेलं असं धरू शकतं. मात्र मोबाइलवर 'समन्स' पाठवून कुणी पैसे मागत असेल किंवा व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवत असेल, तर ती फसवणूक आहे. साक्षीदाराकडून न्यायालय पैसे घेत नाही.

समन्स खरं आहे का आणि तारीख तीच आहे का, हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पाहता येतं. खटल्याचा क्रमांक आणि वर्ष टाकून शोधा, किंवा प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असेल तर तो टाका. आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा बघा. न्यायाधीश रजेवर असणं, वकिलांनी काम बंद ठेवणं, आरोपीला तुरुंगातून न आणणं, अशा कारणांनी फेरी फुकट जाते. तरीही ॲपवर तारीख बदललेली दिसत नसेल तर जावंच लागतं. समन्स मिळूनही गेलं नाही तर आधी जामीनपात्र वॉरंट निघू शकतं, मग अजामीनपात्र. शिवाय न्यायालय तिथल्या तिथे ५०० रुपयांपर्यंत दंड करू शकतं (कलम ३८९), आणि न्याय संहितेच्या कलम २०८ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आजारपण, परीक्षा, घरचं लग्न अशी खरी अडचण असेल तर तारखेच्या आधीच सरकारी वकिलांना आणि त्या ठाण्याच्या पैरवी अधिकाऱ्याला (कोर्टातलं काम पाहणाऱ्या पोलिसाला) कागदपत्रांसह कळवा. नुसता फोन करून घरी बसू नका. लेखी अर्ज न्यायालयासमोर जायला हवा.

दूरच्या गावी बदली झाली असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष नोंदवण्याची तरतूद आहे, पण ती ठरवून दिलेल्या जागेवरूनच होते. घरच्या खोलीतून होईल असं गृहीत धरू नका. मुद्देमाल, म्हणजे जप्त केलेली वस्तू, ओळखायचा असेल तर प्रत्यक्ष यायला सांगण्याचीच शक्यता जास्त.

कोर्टात अकराच्या आधी पोहोचा. ओळखपत्र आणि समन्स जवळ ठेवा. बाहेर लावलेल्या बोर्डावर आपला खटला कितवा आहे ते पाहा आणि आल्याची नोंद सरकारी वकिलांकडे आणि कोर्टाच्या कारकुनाकडे करा. ही नोंद महत्त्वाची आहे. साक्षीदार हजर असताना, खास कारण नोंदवल्याशिवाय, त्याला न तपासता तारीख देऊ नये असं कलम ३४६ म्हणतं. पण तुम्ही व्हरांड्यात चहा घेत असाल आणि पुकाऱ्याला ओ दिली नाही, तर रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) गैरहजर लागतं. दिवसभराचा डबा, पाणी, औषधं सोबत ठेवा. मोबाइल बंद ठेवा. सरकारी वकिलांकडे पंचनामा वाचायला मागा. तुम्ही तेव्हाच वाचून बरोबर म्हणून सही केलेला कागद बघून स्मरण ताजं करायला कायद्याची आडकाठी नाही (साक्ष अधिनियम, कलम १६२). आणि उलटतपासणीत "पंचनामा आज वाचलात का?" असं विचारलं, तर "हो" म्हणा. त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

शपथ झाली की सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न. मग मुद्देमाल दाखवतात. इथे बरेच पंच गडबडतात, कारण समोर आलेलं पाकीट त्यांनी पाहिलेल्या पाकिटासारखं दिसत नाही. वस्तू न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासून आली असेल, तर मूळ सील तिथे उघडलेलं असतं आणि बाहेर प्रयोगशाळेचं सील असतं. तुमचं लेबल बहुधा आत सापडतं. घाई करू नका. लेबल हातात घ्या, सही बघा, तारीख बघा आणि मगच सांगा. सही ओळखता येते, पण अशा दहा कोयत्यांतून हाच कोयता ओळखता येत नाही, असं असेल तर तेही तसंच सांगा.

उलटतपासणीतले प्रश्न ठरावीक असतात. पंचनामा ठाण्यात बसून लिहिला. तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच आहात. साहेबांच्या भीतीने सही केली. याने चिडू नका, बचाव पक्षाच्या वकिलाचं ते कामच आहे. जपायचं ते जोडप्रश्नाला: "पोलिसांनी बोलावलं म्हणून तुम्ही गेलात आणि त्यांनी दाखवलं तिथे सही केलीत, हे म्हणणं खरं आहे?" यातलं पहिलं खरं, दुसरं खोटं. नुसतं "हो" म्हटलं की दोन्ही कबूल झाल्यासारखं नोंदलं जातं. "बोलावलं म्हणून गेलो हे खरं. सही मात्र मी मजकूर वाचून केली." असं तोडून उत्तर द्या. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. पाच वर्षांनी वाजलेली मिनिटं कुणाला आठवत नाहीत आणि न्यायाधीशांना ते ठाऊक असतं. अंदाजाने सांगितलेला आकडा मात्र पंचनाम्याशी जुळला नाही की दिवसभराची साक्ष लंगडी होते.

पंचनाम्याविरुद्ध बोललात तर सरकार पक्ष न्यायालयाच्या परवानगीने तुम्हालाच उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू शकतो. यालाच पंच फितूर झाला म्हणतात. खरोखर काही पाहिलंच नसेल आणि ते तुम्ही सांगितलंत, तर तुम्ही चूक करत नाही आहात. गुन्हा होतो तो पाहिलेलं नाकारण्यात किंवा न पाहिलेलं सांगण्यात, आणि खोट्या साक्षीची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. कुणी धमकावत असेल तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या योजनेत जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती त्यावर निर्णय घेते. तो अर्ज साक्षीच्या तारखेच्या पुरेसा आधी करा.

साक्ष संपली की ती टंकलिखित करून तुम्हाला वाचून दाखवतात. थकलेला माणूस इथे मान हलवून मोकळा होतो. तसं करू नका. "सील" ऐवजी "सही" असं एक चुकीचं पडलं, तरी आत्ताच सांगून दुरुस्त करून घेता येतं. सही झाल्यावर तेच तुमचं म्हणणं. मग कारकुनाकडून हजर राहिल्याचा दाखला मागा, तो कार्यालयात लागतो. प्रवासखर्च आणि भत्त्याबद्दलही तिथेच विचारा. कलम ३५० प्रमाणे फौजदारी न्यायालय साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारकडून देववू शकतं, पण मागितल्याशिवाय बहुधा तो विषय निघत नाही, म्हणून बसचं किंवा रेल्वेचं तिकीट फेकू नका. उलटतपासणी अर्धवट राहिली असेल तर पुढची तारीख कागदावर लिहून घ्या आणि पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला असेल तर निघण्याआधी पैरवी अधिकाऱ्याकडे नवा नोंदवा, कारण जुन्या पत्त्यावर गेलेल्या समन्सचा पत्ता तुम्हाला लागायचा तो वॉरंट आल्यावरच.