बिल आधी कपाटात ठेवा, मग भाव ठरवू

गेले दोन महिने कपाटातला एक कप्पा रिकामा करायचं चाललंय माझं. दोन ग्राफिक्स कार्डं, चार-पाच रॅम, तीन प्रोसेसर, एक मदरबोर्ड, हार्डडिस्क, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग), असा जुन्या कॉम्प्युटरच्या पार्टांचा सगळा संसार आहे त्यात. वापरात काहीच नाही, पण टाकवतही नाही, आणि विकायला काढलं की पहिला प्रश्न तोच, किती सांगायचे?

आधी मी काय करायचो, तर सरळ बिल काढून बसायचो. एवढ्याला घेतलं, तीन वर्षं झाली, वर्षाला वीस टक्के घसारा धरला की अमुक उरतात, मग तेवढे सांगायचे. हिशोब एकदम चोख आणि कार्ड चार महिने तसंच पडून. मला वाटायचं लोकांना कळत नाही. पण खरं म्हणजे मी किती मोजले होते याच्याशी घेणाऱ्याला काय करायचंय, तो बघतो की तेवढ्याच पैशात त्याला आज दुसरं काय मिळतंय, आणि माझं कार्ड पडून होतं तेव्हा त्याच्याएवढंच पळणारं नवीन कार्ड वॉरंटीसकट माझ्या किमतीच्या जरासंच वर मिळत होतं. मीसुद्धा माझ्याकडून घेतलं नसतं!

तेव्हापासून बिल कपाटात. आता सुरुवात उलटी करतो, तेच काम करणारा आजचा सगळ्यात स्वस्त नवीन पार्ट शोधायचा आणि त्याला १०० धरायचं. वॉरंटी शिल्लक असेल तर ७० पर्यंत मागतो, नसेल तर ५०-५५, आणि फॅन घरघरतोय, खोका नाही असं काही असेल तर ४०. हे माझ्यापुरतं आहे, पण यात आत्तापर्यंत फार फसलो नाही. आणि दुसऱ्यांच्या जाहिराती बघून भाव ठरवणाऱ्यांसाठी एक सांगतो, जाहिरातीत जो आकडा दिसतो तो न विकल्या गेलेल्या मालाचा असतो, विकलेला माल तिथून कधीच गायब झालेला असतो. म्हणून मी चार-पाच जाहिराती खूण करून ठेवतो आणि कुठली आठवड्यात उतरते ते बघतो, तो खरा भाव.

आता गंमत प्रोसेसरची, कारण इथे वरचं गणित कोलमडतं. माझ्याकडे एक आय७-७७००के होता आणि एक आय५-७४००, दोघेही इंटेलच्या सातव्या पिढीतले. नवीन आय३-१२१०० या दोघांपेक्षाही जोरात पळतो, म्हणजे माझ्या नियमाने दोघांनाही मातीमोल भाव यायला पाहिजे. आय५ ला तसाच आला, म्हणजे आलाच नाही. पण ७७००के दोन दिवसांत गेला, आणि चांगल्या भावात. कारण इंटेलच्या १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डांवर सातव्या पिढीच्या पुढे काही चालत नाही, २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा सॉकेटचं (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं) नाव तेच ११५१ पण बोर्ड मात्र नवीन लागायला लागला. त्यामुळे तसा जुना बोर्ड ज्याच्याकडे आहे त्याला आय३ घ्यायचा तर बोर्डही घ्या, आणि जुनी रॅम त्या बोर्डात बसणारी नसेल तर तीही घ्या. त्याच्या दृष्टीने ७७००के ची तुलना एका प्रोसेसरशी होतच नाही, अख्ख्या नव्या सेटशी होते. सॉकेटवरचा सगळ्यात वरचा प्रोसेसर भाव धरून ठेवतो तो याचमुळे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर ५८००एक्स३डी चं तेच, २०२२ च्या एप्रिलमधला प्रोसेसर पण बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मिळालेल्या २०१७ च्या बोर्डांवरही चालतो, मग लोक का सोडतील.

अर्थात ७७००के चे दिवसही भरत आलेत. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं (सातवीतले मोजके अपवाद आहेत, हा त्यात नाही) आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अजून कोणाकडे असेल तर आज काढा, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

ग्राफिक्स कार्डात लोक फक्त ताकद बघतात, पण भाव बऱ्याचदा वायरीवर ठरतो, खरंच. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, तेवढ्यात भागणारं, वेगळी पॉवर केबल न लागणारं कार्ड असेल, जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल्स तशी आहेत, तर ऑफिसचे जुने डबे घेऊन त्यात गेम खेळणारी सगळी पोरं तुमची गिऱ्हाईकं, कारण त्या डब्यातल्या एसएमपीएसला दुसरं काही झेपतच नाही. त्यात कार्ड लो प्रोफाइल, म्हणजे बारक्या डब्यात बसणारं कमी उंचीचं, असेल तर अजून थोडे मागा.

नाव मात्र पूर्ण लिहा. मी एकदा नुसतं "१०६०" वाचून कार्ड घेतलं आणि ते ३ जीबीवालं निघालं. ६ जीबीवाल्याची फक्त मेमरी जास्त असते असं मला वाटायचं, पण त्यात कोअरही (प्रत्यक्ष काम करणारे भाग) १२८० असतात आणि ३ जीबीवाल्यात ११५२. विकणारा खोटं बोलला नव्हता, मी विचारलं नव्हतं, काय बोलणार.

मायनिंगची, म्हणजे क्रिप्टो नाणी कमवायला रात्रंदिवस पळवलेल्या कार्डांची, भीती अजूनही लोकांच्या मनात आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो नाण्याने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि बाजारात वापरलेल्या कार्डांचा पूर आला, तेव्हा भाव असे पडले की माझा एक मित्र (तो सगळं उशिराच करतो) रडायचा बाकी होता. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं मला वाटत नाही, फॅन आणि थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर काढणाऱ्या मऊ पट्ट्या) झिजलेले असतात, ते बदलून मग विकावं आणि विचारलं तर खरं सांगावं. दहा मिनिटं लोडवर चालवून तापमानाचा व्हिडिओ टाकला की निम्मे प्रश्न येतच नाहीत.

रॅमने तर मला पार तोंडावर पाडलं, पण चांगल्या अर्थाने. २०२३ मध्ये भाव तळाला होते तेव्हा डीडीआर४ प्रकारच्या ८-८ जीबीच्या दोन घेऊन ठेवल्या होत्या, आणि २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर भाव असे चढले की वापरलेली जोडी घेतली त्यापेक्षा जास्तीला गेली. घसाऱ्याचं गणित धरून बसलो असतो तर फुकटात दिली असती. जोडीच विका मात्र, सुटी ४ जीबी आजही कोणी विचारत नाही.

हार्डडिस्कला भाव लावायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा, डिस्क किती चालली आणि तिची तब्येत कशी आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर आहे ते. वर्षाचे तास होतात ८,७६०, त्यामुळे तीस-चाळीस हजार तास चाललेली डिस्क "फारशी वापरली नाही" म्हणून खपत नाही. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा होऊ घातलेल्या जागा) दिसले तर मी विकतच नाही, कोणाचे तरी फोटो जाणार त्यात. एसएसडीला किती टीबी लिहून झालंय ते बघायचं, १ टीबीच्या बऱ्याच चांगल्या एसएसडीची हमी ६०० टीबीपर्यंत असते आणि माझी ४० वर होती, तो स्क्रीनशॉट टाकला आणि कोणी घासाघीस पण केली नाही. डेटा आधी पुसा, हे सांगायला नको.

एसएमपीएस मी विकत नाही. आतले कपॅसिटर किती थकलेत ते बाहेरून दिसत नाही, आणि मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबली हरवल्या असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लावून घेणारा डिस्क जाळून घेतो, वर शिव्या मला.

मदरबोर्ड उरला होता. जुन्या सॉकेटचा चालू बोर्ड प्रोसेसरपेक्षा दुर्मिळ होतो, कारण प्रोसेसर सहसा मरत नाहीत आणि बोर्ड मरतात. सॉकेटच्या पिनांचा जवळून फोटो टाका, मागच्या पोर्टांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी असेल तर तीही दाखवा, ती नसेल तर लोक उगाच पाडून मागतात. मी तो बोर्ड, न खपलेला आय५ आणि उरलेली रॅम असा एक सेट लावला, चालू करून व्हिडिओ काढला आणि सुट्याची बेरीज होते त्याच्या १५ टक्के खाली किंमत टाकली. पहिला मेसेज आला "लास्ट किती", दुसरा आला "लास्ट किती", तिसऱ्याने विचारलं बायोस कुठलं व्हर्जन आहे. त्यालाच दिला, वर पाच टक्के सोडले.

कप्प्यात आता दोन फॅन आहेत आणि ते ३ जीबीवालं १०६०. जाहिरातीत ३ जीबी मोठ्या अक्षरात लिहिलंय, अजून तरी कोणाचा फोन नाही.