तळ्यातलं मीठ

आमचा टेम्पो घाटावर पोचला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि नदी जागेवर नव्हती. पायऱ्या संपल्या की वीस-पंचवीस पावलं नुसता राखाडी चिखल, त्यापुढे पाण्याची एक पट्टी आणि कडेला कलंडून पडलेल्या दोन होड्या. पलीकडे सुंदरबनातलं मौसुनी बेट दिसत होतं. लवकर पोचलं की मदतीचं वाटप लवकर होईल, या हिशेबाने आम्ही कोलकात्याहून मध्यरात्रीनंतर तीनलाच निघालो होतो. होडीवाल्या दादांनी (तिकडे नावाड्याला 'माझी' म्हणतात) आधी टेम्पोकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "एवढ्या सकाळी कशाला आलात? पाणी अकरा-बाराच्या पुढे चढेल."

तारीख होती ३१ मे २०२१. यास वादळाला पाच दिवस झाले होते.

माझी जास्तच चडफड झाली, कारण मी कोकण किनाऱ्यावर वाढलेय. आजोबा तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगायचे. ते गणित आपल्या बाजूच्या समुद्राचं, बंगालच्या उपसागराला ते जसंच्या तसं लागू पडत नाही हे खरं. पण मी तिथी बघितलीसुद्धा नव्हती. लॉकडाऊनमध्ये लोकल गाड्या बंद, गाडीचा पास काढण्यात दोन दिवस गेलेले, पंचायतीला चार फोन केलेले. एवढं सगळं करताना आमच्या सात जणांपैकी एकालाही समुद्राला विचारायचं सुचलं नाही. त्या दादांच्या होडीत बंगाली पंचांग होतं, पांजी. तिच्यात भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या असतात. पुढचा सगळा महिना त्या पांजीवर चालला.

यासचं तोंड खरं तर ओडिशाकडे होतं. २६ मेच्या सकाळी ते बालासोरजवळ किनाऱ्यावर चढलं, ताशी १३०-१४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासकट. मौसुनी तिथून बरंच पूर्वेला. आदल्या वर्षी २० मेला अम्फान आलं त्याने छपरं उडवली, झाडं उपटली. यंदा वारा तितका नव्हता, असं बेटावरचा जो तो सांगत होता. यंदा पाणी आलं. त्या दिवशी पौर्णिमा होती, चंद्रग्रहणही होतं. उधाणाची भरती आणि वादळाने रेटलेलं पाणी एकाच वेळी बांधावर चढलं. बांध मातीचे. भारताकडच्या सुंदरबनात वस्ती असलेली ५४ बेटं आहेत आणि ती सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या अशा बांधांच्या आत जगतात, कारण भरतीच्या वेळी बाहेरची नदी आतल्या शेतापेक्षा उंच असते. बांध फुटला की नदी आत येते. ओहोटीला परत जाते, पण सगळी जात नाही. जिथे खड्डा सापडेल तिथे राहते.

साडेअकराला होड्या तरंगल्या. तांदूळ, डाळ, पोहे-गूळ, ताडपत्र्या, ओआरएस, पाण्यात टाकायच्या हॅलोजनच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड. आणि जुन्या कपड्यांची चौदा पोती. कपड्यांबद्दल मला आजही बोलवत नाही. सोसायटीत आवाहन केलं होतं, लोकांनी कपाटं रिकामी केली. एका पोत्यात शेरवानी निघाली, दुसऱ्यात शाळेचे टाय. ज्या बायकांच्या अंगावरची साडी पाच दिवसांत वाळली नव्हती त्यांच्यासमोर आम्ही ते पसरलं. दुसऱ्या दिवशी कपडे रस्त्याकडेला पडलेले होते आणि पोती गायब. नंतर कळलं, पोरांनी ती चिखल भरून बांधाच्या भगदाडात लावली. आमच्या त्या खेपेतली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच असावी.

वाटपात दुसरा घोटाळा झाला. घाटाजवळच्या बाजारात आमच्याआधी तीन गट येऊन गेले होते. तिथल्या काही घरांत तांदळाचं तिसरं पोतं आलं होतं. जिथे बांध फुटला होता त्या टोकाच्या पाड्यात (पाडा हा शब्द त्यांचाही, आपलाही) कोणी पोचलंच नव्हतं, कारण टोटो (बॅटरीवरची रिक्षा) जाईल असा रस्ता उरला नव्हता. आम्ही डोक्यावर ओझी घेऊन तिथे गेलो, तर हातातली यादी घरांची. घरटी एक नाव. प्रत्यक्षात एका छपराखाली दोन-दोन चुली: वेगळा निघालेला मुलगा, माहेरी परत आलेली मुलगी, मागच्या पडवीत राहणारी विधवा नणंद. त्यांची नावं यादीत नव्हती आणि पिशव्या मोजून आणलेल्या. भांडण झालं, व्हायलाच हवं होतं. संध्याकाळी होडीत बसण्याआधी मी वहीत नवी यादी सुरू केली, चुलींची. कोणाला असं काम करायचं असेल तर माझ्याकडून एवढंच घ्या: घरं मोजू नका, चुली मोजा.

ती यादी करताना काकिमा भेटल्या. पन्नाशीच्या, काटक. मला त्या पहिल्या भेटीपासून "मा" म्हणायच्या. तिकडे मुलीच्या वयाच्या कोणालाही तसंच म्हणतात. त्यांनी पिशवी घेतली, आत नीट ठेवली आणि म्हणाल्या, "तांदूळ पंधरा दिवस पुरेल. आता इकडे ये, तळं बघ."

तिथे जवळपास प्रत्येक घराला तळं असतं. पावसाचं पाणी त्यात साठतं, त्यावर वर्षभर आंघोळ, भांडी, परसातली भाजी आणि मासे चालतात. काकिमांच्या तळ्यात रुई-कातला मासे पोट वर करून तरंगत होते, पाणी काळसर, वासाने मळमळायला लागलं. प्यायच्या पाण्याची सोय कशीबशी होती: वरच्या थरांत खारं पाणी असल्याने तिकडे कूपनलिका हजार-हजार फूट खोल नेतात, आणि पाड्यातली उंच चौथऱ्यावरची एक चालू होती. पण तळ्याला पर्याय नव्हता.

"पाऊस पडला की धुऊन निघेल ना?" मी विचारलं.

"मीठ कुठे धुऊन जातं, मा? खाऱ्यात गोडं पडलं तरी खारंच राहतं. आधी हे उपसायचं, तळाचा गाळ काढायचा, चुना टाकायचा, मग पाऊस पडू द्यायचा. पाऊस दहा-बारा दिवसांवर आलाय."

एवढी साधी गोष्ट. मे अखेरीला आलेलं पाणी जूनच्या पहिल्या पावसाआधी बाहेर काढलं तर तळं याच वर्षी गोड होऊ शकतं, नाहीतर वर्ष-दोन वर्षं गेली. आम्ही दुसऱ्या खेपेला आणखी तांदूळ आणायच्या बेतात होतो.

परत येऊन देणगीदारांना समजावणं हे नदी ओलांडण्यापेक्षा कठीण गेलं. लोकांनी अन्नासाठी पैसे दिले होते. डिझेलसाठी म्हटल्यावर गटावर शांतता पसरली. एका गृहस्थांनी पैसे परत मागितले, दिले. बाकीच्यांना मी मेलेल्या माशांचे फोटो पाठवले. त्यावर पैसे जमले. कसं सांगू, पण हसऱ्या मुलांच्या फोटोंपेक्षा ते जास्त चालले.

५ जूनला काकद्वीपहून दोन डिझेल पंप भाड्याने घेऊन आम्ही चौघं पुन्हा गेलो, या वेळी पांजी बघून. मुक्काम शाळेत. पंप लावला की पाणी जातं, हा माझा समज पहिल्या तासात मोडला. जाणार कुठे? पाइप खालात सोडायचा, म्हणजे नदीला मिळणाऱ्या ओढ्यात. पण त्याच्या तोंडाशी झडपेचं दार, ते ओहोटीलाच उघडतं. भरतीच्या वेळी उपसलं तर पाणी खालातून उलटून शेजाऱ्याच्या तळ्यात. म्हणून पंप फक्त ओहोटीला चालवायचा, मग ती दुपारी असो की रात्री एकला. एका तळ्याला दोन ओहोट्या लागत. बरं, ते दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे होते, ज्याला ते मरा कोटाल म्हणतात. नदी फार चढत नव्हती. १० जूनला अमावास्या, तेव्हा पुन्हा भरा कोटाल, म्हणजे उधाण. त्याआधी जेवढं होईल तेवढं.

कोणाचं तळं आधी? त्या पाड्यात तळी अकरा. ज्याचं सगळ्यात मोठं, तो मासे विकणारा. त्याचं म्हणणं, माझं नुकसान जास्त. खोटं नव्हतं. दुसऱ्याचं म्हणणं, आमच्या तळ्यावर म्हातारी माणसं आंघोळ करतात. रात्री शाळेच्या पडवीत कंदिलाभोवती तास-दीड तास आवाज चढले. शेवटी काकिमांनी माझी वही मागितली. ज्या तळ्यावर जास्त चुली अवलंबून, ते आधी. वाचून दाखवायला लावलं, क्रम ठरला. त्यांचं स्वतःचं तळं दोन चुलींचं, नववं आलं. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी एक पंप बंद पडला. गाळातली प्लास्टिकची पिशवी आत ओढली गेली होती. दुरुस्तीला नदीपलीकडे न्यायचं म्हणजे पुन्हा भरतीची वाट.

याच दिवसांत दुसरं काम अंगावर आलं, आणि ते मला पंपापेक्षा जड गेलं. राज्य सरकारने 'दुआरे त्राण' जाहीर केलं होतं, म्हणजे दारात मदत. ३ ते १८ जून अर्ज, १९ ते ३० पाहणी, १ जुलैपासून पैसे थेट खात्यात. पूर्ण पडलेल्या घराला २० हजार, अर्धवट पडलेल्याला ५ हजार. अम्फानच्या वेळी याद्यांवरून बरीच ओरड झाली होती, म्हणून यंदा ज्याचं त्याने अर्ज करायचा. तत्त्व चांगलं. पण ज्याचं घर चार दिवस पाण्यात होतं त्याचे कागदही चार दिवस पाण्यात होते. पासबुकं उन्हात पापडासारखी वाळत घातलेली, शाई ओघळलेली. वीज नाही, झेरॉक्स नाही. मी फोनवर फोटो काढायचे, होडीने कोणी पलीकडे गेलं की प्रिंट मागवायच्या. माझं बंगाली बोलण्यापुरतं, लिहिण्यात मी पहिलीतली. पाड्यातली कॉलेजात जाणारी एक मुलगी अर्ज लिहायची आणि माझ्या शुद्धलेखनाला मनसोक्त हसायची. आम्ही त्रेसष्ट अर्ज भरले.

'पूर्ण' की 'अर्धवट', यावर मी तिच्याशी हुज्जत घातली. मातीचं घर पाण्यात वरून पडत नाही. भिंती खालून विरघळतात, छप्पर बांबूंवर तसंच उभं राहतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला घर धड दिसतं. आत गेलं की भिंतीच्या जागी कंबरेएवढा ढिगारा. मी म्हटलं, छप्पर आहे म्हणजे अर्धवटच लिहायला हवं. ती मला हाताला धरून एका घरात घेऊन गेली आणि म्हणाली, "दीदी, आज रात्री इथे झोपाल?" त्यानंतर आम्ही प्रत्येक घराचे फोटो आतून काढले, घरमालकाला कडेला उभं करून, म्हणजे ढिगाऱ्याची उंची कळेल.

१० तारखेच्या रात्री कोणी झोपलं नाही. फुटलेल्या जागेला आतून वळसा घालून नवा बांध घातला होता, रिंग बांध म्हणतात त्याला. बांबू, ताडपत्री, चिखलाची पोती. त्यात आमची चौदा होती. बायका कंदील घेऊन बांधावर उभ्या होत्या. पाणी काठाला लागलं, एका जागी थोडं आत सांडलं, पोरांनी तिथे चिखल दाबला. तासाभराने एक म्हातारे गृहस्थ काठी पाण्यात धरून बघत होते ते म्हणाले, "उतरलं." मग सगळे एकदम बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी पावसाने धरलं आणि पंप बंद केले.

सात तळी झाली होती. आठवं अर्धं.

जुलैत पैसे यायला लागले तसे मला फोन यायचे, बहुतेक मिस कॉल. पाहणीत पाच घरं 'पूर्ण'वरून 'अर्धवट' झाली, फोटो जोडूनही. काही अर्ज बँकेत अडकले. पासबुकावर ज्या बँकेचं नाव, ती २०२० साली दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि तिचे जुने आयएफएससी कोड एप्रिल २०२१ पासून बंद. आम्ही पासबुकावरचाच कोड उतरवला होता, पुन्हापुन्हा तपासून. हे आधी माहीत असतं तर एका फोनचं काम होतं. नवे कोड शोधून पाठवले, अर्ज पुन्हा दिले. माझ्या वहीप्रमाणे त्यातल्या दोघांना सप्टेंबरपर्यंत काहीच मिळालं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी काकिमांचा फोन आला. मासेवाल्याने तळ्यात पिल्लं सोडली, पहिली मेली, दुसरी जगली. मशिदीजवळच्या तळ्याचं पाणी लोक भाजीला घालायला लागलेत. त्या लेखणीवाल्या पोरीची ऑनलाइन परीक्षा झाली, नेटवर्कसाठी बांधावर बसून.

"आणि तुमचं तळं?"

"बोट बुडवून चाटते रोज," त्या म्हणाल्या. "खारंच आहे. भांडी घासायला शेजारी जाते. तुझ्या वहीत पुढच्या खेपेला माझी चूल मोठी करून लिही, मा." आणि मोठ्याने हसल्या.