सुटलं का गं?

८ सप्टेंबर २०२५, पहाटे २

झोप उडालीच आहे, तर लिहून टाकते. दुर्बीण डायनिंग टेबलावर पंख्याखाली वाळतेय. भिंगावर इतका दमटपणा साठला की शेवटी ओढणीने पुसलं. पुसायचं नसतं, माहीत आहे. पण त्या क्षणी ब्लोअर आणायला खाली कोण उतरणार?

परवा अनंत चतुर्दशी, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रात्रभर ढोल-ताशे. काल रविवारी खग्रास चंद्रग्रहण. आजपासून पितृपक्ष. आमच्या आईला या तिन्हींपैकी ग्रहणाचंच टेन्शन जास्त. वेध लागायच्या आत दुपारचं जेवण, मग दुधावर, लोणच्याच्या बरणीवर, अगदी फ्रिजमधल्या इडलीच्या पिठावरसुद्धा तुळशीपत्र. मी गच्चीवर जाणार हे कळल्यावर एवढंच म्हणाली, "पाऊस येईल बघ." तिच्या बोलण्यात काळजी कमी आणि आशा जास्त होती.

गच्चीची चावी मिळवणं हा वेगळाच खगोलशास्त्रीय योग. सोसायटीने गच्चीला कुलूप घातलंय, लेखी अर्ज लागतो. 'कारण' या रकान्यात मी 'चंद्रग्रहण' लिहिलं. सेक्रेटरींनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "तसं नाही हो, म्हणजे खरं कारण?"

पंचांगातल्या वेळा मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. स्पर्श (ग्रहण लागणं) ९:५७, संमीलन (चंद्र पूर्ण झाकणं) ११:००, मध्य ११:४२, उन्मीलन (पुन्हा उघडू लागणं) १२:२३, मोक्ष (ग्रहण सुटणं) १:२७. हे शब्द मला फार आवडतात. एखादा मिनिट इकडेतिकडे धरला, तरी कागदावर सगळं चोख. वर मात्र येऊरच्या डोंगराच्या बाजूने ढग येत होते आणि जायचं नाव घेत नव्हते.

ही वही २००४ पासूनची. त्या वर्षी ८ जूनला शुक्राचं अधिक्रमण झालं, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकला. पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडली होती आणि त्यावर सरकणारा तो काळा ठिपका पाहिला होता. पहिल्याच पानावर 'दिसलं'! त्यामुळे मला वाटलं, हे सोपं असतं. मग २००९ च्या २२ जुलैला खग्रास सूर्यग्रहणासाठी सुरतेला गेले. पहाटेपासून ढग. साडेसहाच्या आत अचानक कोणीतरी दिवा मालवावा तसा अंधार झाला, पक्षी गोंधळले, तीनेक मिनिटांनी पुन्हा उजाडलं. सूर्य काही दिसला नाही. मी ग्रहणाचा अंधार पाहिला, ग्रहण नाही. त्या पानावर काय लिहावं कळेना, म्हणून तिसरा रकाना पाडला. दिसलं, नाही दिसलं, आणि 'वाटलं'.

२०१२ च्या ६ जूनला शुक्राचं पुन्हा अधिक्रमण. सूर्य उगवला तेव्हा शुक्र आधीच त्याच्यावर चढलेला होता, असं पेपरात वाचलं. आमच्या खिडकीत नुसते पांढरे ढग. आता पुढचं अधिक्रमण २११७ सालच्या डिसेंबरात, म्हणजे तो रकाना कायमचा बंद. गेल्या ऑक्टोबरात धूमकेतू आला होता, त्शुचिनशान-ॲटलस. दसऱ्यानंतर तीन संध्याकाळी पश्चिमेकडे डोळे फोडून बसले. क्षितिजावर धुरकट पट्टा, त्यात चांदणं. एक पुसट रेघ दिसली आणि तिच्यातून विमान बाहेर पडलं. 'वाटलं'.

पहिल्या पानानंतर निखळ 'दिसलं' म्हणावं असं एकच पान. २१ डिसेंबर २०२०, गुरू आणि शनीची महायुती. इतके जवळ ते १६२३ नंतर पहिल्यांदा आले होते, अंतर अंशाचा जेमतेम दहावा भाग. मास्क लावून उपवन तलावाच्या काठावर उभी होते. छोट्या टेलिस्कोपमध्ये एकाच वेळी शनीची कडी आणि गुरूचे चंद्र. शेजारी उभ्या आजोबांना दाखवलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही, मग विचारलं, "आत चित्र चिकटवलंय का?" डिसेंबरात आकाश कसं असतं आणि आमच्या नशिबी सगळं जून ते सप्टेंबरात कसं येतं, हा माझा कायमचा वाद. कोणाशी, ते मात्र माहीत नाही.

काल साडेदहाला चंद्र एकदा डोकावला. कडेने कुरतडलेल्या मारी बिस्किटासारखा. आमच्या विंगमधली सात-आठ माणसं वर आली होती. सव्वाअकरापर्यंत ढग हलले नाहीत, तशी एकेक करून उतरली. राहिले बाराव्या मजल्यावरचा तिसरीतला एक मुलगा आणि त्याचे बाबा. मुलगा पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून दर दोन मिनिटांनी विचारत होता, "काकू, चालू कधी होणार?"

११:३८ ला चालू झालं. ढगाला भोक पडलं आणि दक्षिणेला, बरंच वर, तो होता. आधी मला सापडलाच नाही, कारण मी उजेड शोधत होते. रंग काताचा. लाल म्हणतात पण लाल नव्हे, विड्यातल्या ओल्या काताचा. खालची कड थोडी उजळ, वरचा भाग जवळपास राखेत गेलेला. एरवी पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो, घासून ठेवलेल्या ताटलीसारखा. काल तो चेंडू होता. गोल, जड, अधांतरी. त्याच्या अगदी जवळ बारीक तारे दिसत होते, जे पौर्णिमेला दिसायची सोयच नसते. डावीकडे बराच लांब पिवळसर शनी.

मुलाच्या हातात दुर्बीण दिली. तो म्हणाला, "गंजलाय." लाल का, हे विचारलंच त्याने. म्हटलं, संध्याकाळी येऊरमागे सूर्य मावळताना लाल होतो ना, तसंच. हवेतून तिरकं येताना निळा प्रकाश वाटेत विखुरतो, तांबडा वाचतो. तोच पृथ्वीच्या कडेने वळून सावलीत शिरतो. त्याने ऐकून घेतलं आणि परत म्हणाला, "पण गंजलाय."

११:४३ ला भोक बुजलं. खग्रास अवस्था ८२ मिनिटांची, माझ्या वाट्याला ५. बाप-लेक गेले. मी थांबले. १२ नंतर सरळ भुरभुर सुरू झाली. जिन्याच्या छपराखाली बसून पुढची पानं भरली. येत्या फाल्गुन पौर्णिमेला, ३ मार्चला, पुन्हा खग्रास आहे, पण आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असणार. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण, इजिप्तमध्ये लक्सरला तब्बल सव्वासहा मिनिटं खग्रास. इथे खंडग्रास, आणि तेही आषाढ अमावास्येला. म्हणजे गटारी आणि ढग दोन्ही हजर. पण ३१ डिसेंबर २०२८! खग्रास चंद्रग्रहण, ग्रहणाचा मध्य रात्री १०:२२ ला. कोरडी हवा, स्वच्छ आकाश, थर्टी फर्स्ट. गच्चीच्या चावीसाठी अर्ज आत्ताच देऊन ठेवावा का? पण त्या दिवशी गच्चीवर डीजे असेल.

सव्वाला खाली आले. आई हॉलमध्ये जागीच, हातात जपमाळ. लहानपणी नौपाड्यात चाळीखालून दान मागणारे ओरडत जायचे, 'दे दान, सुटे गिराण', आणि ती खिडकीतून जुने कपडे टाकायची. आता सोळा मजल्यांखालचं कुठलं ऐकू येतंय. आता ती मलाच विचारते.

"सुटलं का गं?"

बाहेर पावसाची सर. चंद्र सोडा, समोरची बिल्डिंगही दिसत नव्हती. घड्याळात १:२८.

"सुटलं."

"तू बघितलंस?"

"हो."

ती उठली, गीझर लावला. वही उघडून मी बसले आहे. पहिला रकाना भरला, 'दिसलं, ५ मिनिटं'. बाथरूममधून बादलीचा आवाज येतोय.